एक पिंप, दोन तलवारी आणि बी.एफ.ए.

पुण्यातल्या एका स्टुडिओत मी व्हिडिओ गेमसाठी लागणारी चित्रं आणि वस्तू करायचं काम करतो. नोकरी मागायला येणाऱ्या मुलामुलींचे पोर्टफोलिओ बघणं हाही त्याच कामाचा भाग. पूर्वी पोर्टफोलिओ म्हणजे काखेत धरून, बसमध्ये सगळ्यांना टोचत न्यायची मोठी काळी फाइल असायची. आता आर्टस्टेशन या वेबसाइटची लिंक येते आणि टोचायचं काम नुसत्या चित्रांवर सोपवलेलं असतं. लिंक उघडायच्या आधीच आत काय असणार ते मला सांगता येतं. मुलगा एखाद्या अ‍ॅनिमेशन इन्स्टिट्यूटमधून आलेला असेल तर एक तेलाचं पिंप, एक खजिन्याची पेटी आणि दोन तलवारी. त्यातली एक जपानी. घरी बसून यूट्यूबवर शिकलेला असेल तर डोनट. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि ते शिकवणारा सगळ्यांत गाजलेला धडा डोनट करायला शिकवतो. त्यामुळे नरसोबाच्या वाडीला बासुंदीच्या दुकानांमध्ये वाढलेला, डोनट कशाशी खातात हे माहीत नसलेला मुलगा त्याच्यावरच्या गुलाबी साखरेचा ओघळ असा काही काढतो की बघत राहावं. आणि फाइन आर्टची पदवी घेऊन आलेला असेल तर पहिल्या वर्षाच्या स्थिरचित्रापासून शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनापर्यंत सगळंच असतं, कारण फी सगळ्या वर्षांची भरलेली असते.

‘गेम आर्टला डिग्री लागते का?’ हा प्रश्न मला ज्या ज्या लग्नात विचारला गेला, त्यांपैकी एकाही लग्नात मी धड जेवलेलो नाही. विचारणारे दोन प्रकारचे. ज्यांना डिग्री करायची नसते ते, आणि ज्यांनी पोराची फी भरून टाकलेली असते ते. पहिल्यांना ‘नाही’ ऐकायचं असतं, दुसऱ्यांना ‘हो’. आपण ‘तसं बघायला गेलं तर’ अशी सुरुवात केली की दोघंही मठ्ठ्याच्या दिशेने निघून जातात.

मुळात हे काम काय आहे तेच लोकांना ठाऊक नसतं. सिनेमावाल्याला गल्ली हवी असली तर तो गल्लीत जातो. गेममध्ये गल्ली हवी असली तर आधी गटार, मग गटाराचं झाकण, मग झाकणावरचा गंज, हे सगळं कोणीतरी पगार घेऊन करावं लागतं. आपोआप काहीच उगवत नाही, गवतसुद्धा. कॉन्सेप्ट आर्टिस्ट गोष्ट कशी दिसेल ते चित्रात ठरवतो. कॅरेक्टर आर्टिस्ट माणसं करतो, प्रॉप आर्टिस्ट भांडीकुंडी आणि हत्यारं करतो, रिगर माणसांच्या आत हाडं आणि सांधे बसवतो. टेक्निकल आर्टिस्ट नावाचा एक माणूस असतो, तो कलाकार आणि प्रोग्रामर यांची भांडणं होऊ नयेत म्हणून दोघांच्याही शिव्या खातो. मी एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट. म्हणजे मुख्यतः दगड. गणिताची वही बघून वडील मला लहानपणी दगड म्हणायचे. आता मी दगड करतो आणि त्याचे पैसे मिळतात; यात कोणाचं म्हणणं खरं ठरलं यावर आमच्या घरी अजून एकमत झालेलं नाही. गंमत म्हणजे आख्खं पुणं काळ्या बेसाल्टवर बसलेलं आहे, आणि त्याच बेसाल्टवर खुर्ची टाकून मी परदेशातला ग्रॅनाइट करतो.

आईचा आक्षेप वेगळा आहे. मोठा गेम तयार व्हायला पाच-पाच, सहा-सहा वर्षं लागतात आणि तो बाजारात येईपर्यंत आपण कशावर काम करतोय हे कोणालाही सांगायचं नाही, असं आमच्याकडून लिहून घेतलेलं असतं. ‘सांगता येत नाही म्हणतोस, रात्री-अपरात्री फोन येतात, पैसे बाहेरच्या देशातून येतात,’ आई म्हणाली. ‘भलतंसलतं काही नाही ना रे?’ तिला म्हटलं, अगं, दगड करतो. त्यावर ती जे गप्प झाली ते अजून त्या विषयावर बोललेली नाही.

परदेशी गिऱ्हाइकाचा आराखडा घ्यायचा आणि इथल्या पोरांनी बसून त्याची नक्षी करून द्यायची, हा धंदा आयटीवाल्यांनी आणला असं बऱ्याच जणांना वाटतं. तो व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून चालू आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचं. व्हीटी स्टेशनच्या इमारतीचं काम १८७८ ते १८८८ असं दहा वर्षं चाललं होतं. आराखडा स्टीव्हन्ससाहेबाचा, आणि भिंतीवरचे मोर, माकडं, पानंफुलं करायला जे. जे.चे विद्यार्थी. आमच्या भाषेत याला एन्व्हायर्नमेंट आर्टचं आउटसोर्सिंग म्हणतात. रोज त्या माकडाखालून लाखो लोक लोकल पकडायला धावतात आणि माकड कोणी केलं ते कोणालाच माहीत नाही. आमच्या क्षेत्रातली ही प्रथाही तेव्हापासूनचीच म्हणायची. त्याच शाळेतले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत बसले होते. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने कितीतरी वर्षं घालवून केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये होत्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ च्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्सच्या नकलाही लंडनलाच पाठवल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. आमच्याकडे नव्या मुलाला पहिल्याच दिवशी ‘फाइल दोन ठिकाणी ठेव’ म्हणून सांगतात आणि तो कंटाळलेल्या चेहऱ्याने मान डोलावतो, तेव्हा मला हे सगळं त्याला सांगावंसं वाटतं. पण दोन आगींपर्यंत ऐकून घेणारा मुलगा अजून भेटलेला नाही.

डिग्रीचा प्रश्न निघाला की दोन्ही बाजूंना आपापले देव तयार असतात. आपल्याकडे सिनेमात हेच झालं. दादासाहेब फाळके जे. जे.त शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ केला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर कुठल्याच कलाशाळेत गेले नाहीत. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता शिकले, कॅमेरासुद्धा घरचाच बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला. पडदा, मूर्ती, पोस्टर, सेट, सगळ्याला हात. शिकलेला कोण आणि न शिकलेला कोण हे सिनेमा बघून ओळखायला लावलं असतं तर भल्याभल्यांची पंचाईत झाली असती. पैशाने मात्र दोघांनाही सारखंच दमवलं. त्या बाबतीत शिक्षणाचा काही उपयोग झालेला दिसत नाही.

गेमकडे वळायचं तर आपल्या देशात सगळ्यांत जास्त पाहिलं गेलेलं गेम आर्ट कुठलं? माझा अंदाज, सॉलिटेअरचे पत्ते. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आले ते. ज्या काळात आपल्या कचेऱ्यांत नवा संगणक प्लॅस्टिकची टोपी घालून, हळदकुंकू लावून बसलेला असे आणि त्याचं नक्की काय करायचं याचं परिपत्रक वरून आलेलं नसे, त्या काळात त्याने एकच काम इमानेइतबारे केलं. हे पत्ते काढले सुझन केअर या बाईंनी. पहिल्या मॅकिन्टॉशवरची चित्रचिन्हंही त्यांचीच. चौकटीच्या वहीत एकेक चौकोन भरून काढलेली. या बाई न्यूयॉर्क विद्यापीठाच्या डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय काय, तर ओनोरे दोमिए आणि क्लेस ओल्डेनबर्ग यांच्या शिल्पांतला व्यंगचित्राचा वापर. थोडक्यात, तालुक्याच्या कचेरीत शिपाई आपल्याला ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगत असताना साहेब आत ज्या बदामच्या राणीकडे टक लावून बसलेले असत, ती राणी पीएच.डी.धारक बाईंच्या हातची होती. उच्च शिक्षण शासनापर्यंत पोचत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

डिग्रीवाल्यांनी हे उदाहरण दिलं की समोरचे योशिताका अमानो काढतात. जपानमधला हा माणूस पंधराव्या वर्षी शाळा सोडून अ‍ॅनिमेशन कंपनीत कामाला लागला आणि १९८७ मध्ये ‘फायनल फँटसी’ची चित्रं त्याने केली. यावर कोणीतरी शिगेरू मियामोतो टाकतो, म्हणजे मारिओचा बाप. ते कानाझावाच्या कला महाविद्यालयात औद्योगिक डिझाइन शिकलेले. म्हणजे डिग्रीचा विजय? थांबा. १९७७ मध्ये निन्तेन्दोत त्यांची मुलाखत झाली ती वडिलांच्या ओळखीतून. शिवाय मुलाखतीला जाताना स्वतः केलेली लहान मुलांची खेळणी बरोबर नेली होती. डिग्री, वशिला आणि पोर्टफोलिओ! हे ऐकल्यावर माझ्या मावशीचे यजमान म्हणाले, ‘म्हणजे आपल्यासारखंच आहे की सगळं.’ जपानविषयीचा त्यांचा आदर तेव्हापासून दुणावला आहे.

मारिओला मिशी आहे ती मात्र कुठल्या अभ्यासक्रमातून आलेली नाही. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये त्याच्या वाट्याला चौकोनच इतके थोडे आले होते की तोंड काढायला जागा नव्हती, तोंडाऐवजी मिशी काढली. केस नीट दिसेनात म्हणून टोपी घातली.

मला विचाराल, निदान पोराला नोकरीवर घेताना विचाराल, तर मी शिक्षण कुठे शोधतो ते सांगतो. सब्स्टन्स पेंटर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. आपण केलेल्या वस्तूवर ‘जुनं लोखंड’ टाकलं की ते आपोआप सगळ्या कडा झिजवून देतं, खाचांत मळ भरतं, वर थोडा गंज शिंपडतं. एका बटणात पन्नास वर्षं. इन्स्टिट्यूटची पिंपं या बटणावर झालेली असतात. वरची कड जितकी झिजलेली तितकीच खालची, तितकीच मागची, आणि तितकीच ती आतली कड, जिथे या पिंपाच्या उभ्या आयुष्यात कोणाचा हात गेलेला नाही. बघताक्षणी कळतं की हे पिंप कधी कोणी वापरलेलंच नाही.

मध्यंतरी एका मुलीचं काम आलं. कराडकडची. पोर्टफोलिओत चारच वस्तू. पहिलीच वस्तू पाणी तापवायचा तांब्याचा बंब. निखारे घालायच्या नळकांड्याच्या तोंडाशी काजळी, खाली राखेचा फिकट पट्टा. तोटी पितळेची, आणि तिची फक्त मूठ चकचकीत, कारण हात तेवढ्यालाच लागतो. तोटीखाली बोअरच्या पाण्याच्या क्षारांचा पांढरा ओघळ. पुढची बाजू चिंचेने घासून लखलखीत, पण घासणाऱ्या बाईचा हात जिथवर पोचतो तिथवरच; भिंतीकडची बाजू काळपट हिरवी. एका अंगाला पोचा. कडी एकीकडे तुटलेली, तिथे तार गुंडाळलेली. मी तो बंब स्क्रीनवर फिरवून फिरवून पाहिला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी येऊन म्हणाला, ‘आमचा आहे हा. कोकणातल्या घरी होता, काकूने मोडीत घातला.’ दोन मिनिटांनी तिसरा आला, त्याच्याही काकूने असाच घातला होता.

मुलाखतीत मुलीला विचारलं, शिकलीस कुठे? ती म्हणाली, ‘बी.कॉम. झालंय, सर.’ नाही, हे कुठे शिकलीस? ‘ते ब्लेंडरवर, सर. घरीच.’ आणि हे कुठे झिजतं, कुठे चकाकतं, ते? तिने जरा विचार केला आणि म्हणाली, ‘एलिमेंटरीला आमचे ड्रॉइंगचे सर तांब्या काढायला बसवायचे ना, तेव्हा.’

ज्यांनी महाराष्ट्रात शाळा केली आहे त्यांना कला संचालनालयाची ही एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षा माहीत असते. आईवडलांना ती दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून माहीत असते. रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये गोल करून बसायचं. मध्ये टेबलावर चादर, चादरीवर पितळी तांब्या, शेजारी वांगी आणि एक केळं. केळं शेवटपर्यंत टिकेल याची हमी नसे. सर मागून येऊन एवढंच म्हणत, ‘बघ. आधी बघ.’ तांब्यावर खिडकीचं आख्खं प्रतिबिंब पडतं, वांग्यावर एकच पांढरा ठिपका चमकतो, चादरीवर काहीच चमकत नाही. झालं! आमच्या सॉफ्टवेअरमध्ये याला मेटॅलिक आणि रफनेस म्हणतात, आणि हे दोन आकडे कुठे किती ठेवायचे ते शिकवायला इन्स्टिट्यूटवाले लाखांत फी घेतात. सरांनी ते वांग्याच्या किमतीत शिकवलं होतं. वांगी पुन्हा घरी न्यायचेही ते.

यूव्हीचंही तसंच. त्रिमिती वस्तूवर रंग चढवायचा तर आधी तिची साल उलगडून सपाट अंथरावी लागते; ती कुठे कापायची ते आपण ठरवायचं. पुस्तकात याची भली मोठी प्रकरणं आहेत. पण चांगला शिंपी शिवण काखेत, बगलेत, आतल्या बाजूला घेतो आणि छातीवर कधी घेत नाही, हे ज्याने एकदा दुकानात उभं राहून पाहिलं आहे त्याचं निम्मं प्रकरण झालेलं असतं. पदवीधरांच्या पात्रांना मी नाकावरून शिवण घेतलेली पाहिली आहे.

आता कोणी म्हणेल, मग तुम्ही डिग्रीच्या विरुद्ध. छे! फाइन आर्टच्या कॉलेजात चार वर्षं काढलेली मुलं मला आवडतात, फक्त कॉलेजला जे शिकवल्यासारखं वाटतं ते सोडून बाकी सगळं ती शिकून आलेली असतात. स्टेशनवर बसून दिवसाला शंभर स्केचेस काढायची, हमाल उभा राहिला तर वजन कुठल्या पायावर आहे ते बघायचं, मॉडेल बसलेला असताना त्याला डुलकी लागली तरी चित्र थांबवायचं नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री अंगणात कागद वाळत घालायचे. आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे, महिनाभर राबून केलेल्या चित्रासमोर उभं राहून सर सगळ्यांदेखत ‘हे काय?’ म्हणाले तर रडायचं नाही. आमच्याकडे गिऱ्हाइकाचा फीडबॅक येतो तो मध्यरात्री, कारण गिऱ्हाईक तिकडे तेव्हा जेवून ताजंतवानं झालेलं असतं. आपण केलेल्या दगडावर लाल बाण काढलेले असतात आणि लिहिलेलं असतं, ‘दगड अजून दगडासारखा वाटत नाही.’ घरी एकट्याने शिकलेला, ज्याला आजवर फक्त मामाने आणि इन्स्टाग्रामने वाहवा दिलेली आहे, असा मुलगा हे वाचून दोन दिवस ऑफिसला येत नाही. कॉलेजवाला तो बाण पुसतो आणि डबा उघडतो.

इन्स्टिट्यूटांचं काय सांगावं! जिन्याच्या तोंडाशी ड्रॅगनचं पोस्टर, वर काचेच्या केबिनमध्ये ‘करिअर काउन्सेलर’. चित्र काढता येतं का हे ते विचारत नाहीत, बजेट किती ते विचारतात. शिकवतात ती बटणं. बटणं बदलतात. एके काळी फ्लॅशचा डिप्लोमा करणाऱ्यांची रीघ लागलेली असायची. २०२० च्या ३१ डिसेंबरला अडोबीने फ्लॅश प्लेअर बंद केला आणि डिप्लोमा भिंतीवर राहिला. काही ठिकाणी चांगले शिकवणारे असतात, पण ते सहसा तिथे टिकत नाहीत. त्यांना कोणीतरी स्टुडिओत उचललेलं असतं. सरकारनेही आता लक्ष घातलं आहे. बंगळुरूच्या एनआयडीत डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, मुंबईत २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेम शिकवणारी आयआयसीटी ही संस्था सुरू झाली. तिथून कोण कसे बाहेर पडतात ते बघायचं. पिंपं कमी झाली तरी खूप.

घरी शिकणाऱ्या मुलांचा देव एरिक बरोन. या माणसाने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम एकट्याने केला. चित्रं, संगीत, प्रोग्राम, सगळं. शिक्षण कॉम्प्युटर सायन्सचं, चित्रकला स्वतः शिकलेला. एकेका पात्राचा चेहरा पुन्हा पुन्हा काढून सुधारला. गेम २०१६ मध्ये आला आणि त्याचं सोनं झालं. ही गोष्ट मला दर महिन्याला एक तरी मुलगा सांगतो. त्या चार-साडेचार वर्षांत बरोन नाट्यगृहात लोकांना जागा दाखवायचं काम करत होता आणि घरखर्चाचा बराचसा भार त्याची मैत्रीण उचलत होती, हा भाग मात्र सांगायचा राहतो. ‘सर, मला कॉलेजची गरज नाही’ म्हणणाऱ्याला मी हल्ली एवढंच विचारतो, मैत्रीण कुठे नोकरी करते?

तर काम देणारा डिग्री विचारत नाही, एवढं खरं. आर्ट टेस्ट देतात, आठवडाभर मुदत असते, वस्तू करून आणायची. त्या आठवड्यात तुमची पदवी काय म्हणते हे कोणी विचारत नाही. पण काम देणारा सोडला तर उरलेलं सगळं जग दुसरं काही विचारतच नाही. सुरुवात आमच्याच एचआरपासून. अर्जात ‘सर्वोच्च शैक्षणिक अर्हता’ हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. बंबवाल्या मुलीने तिथे बी.कॉम. निवडलं आणि संगणकाने तिला हिशेब खात्याच्या यादीत टाकलं. तिचा अर्ज तिकडून इकडे परत आणायला आम्हाला दोन ईमेल आणि एक समोसा पार्टी लागली. नोकरी बदलायची म्हटलं तर वर सांगितलं तेच. ज्या गेमवर पाच वर्षं घातली तो बाजारात आलेला नसतो, त्यातलं चित्र दाखवायची बंदी असते. मग माणूस दाखवणार काय? पदवी! कपाटाच्या तळातून, लग्नाच्या अल्बमखालून ती निघते.

परदेशी जायचं म्हटलं की मग तिचं खरं तेज दिसतं. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाला पदवी लागते, किंवा तिच्या तोडीचा अनुभव. तोडीचा म्हणजे किती, याचं गणित त्यांनी घालून ठेवलेलं आहे: पदवीच्या एका वर्षाला कामाची तीन वर्षं. चार वर्षांची पदवी नसेल तर बारा वर्षं काम दाखवा. बारा वर्षांचं तप हा आकडा त्यांना कोणी सांगितला कोणास ठाऊक; आपल्या ऋषींनाही यापेक्षा कमी मुदतीत कोणी भेटत नसे. आमच्या ओळखीचा एक कॅरेक्टर आर्टिस्ट, ज्याने केलेले चेहरे बघून परदेशातल्या स्टुडिओने स्वतःहून विचारणा केली, तो केवळ दुसऱ्या वर्षाचा एक पेपर राहिला म्हणून अडकला. पेपर चित्रकलेचा नव्हता. पर्यावरणाचा होता. गेमसाठी पाच जंगलं उभी केलेला माणूस आता ‘वृक्षतोडीचे दुष्परिणाम’ पाठ करतो आहे.

लग्नाच्या बाजाराचं तर विचारूच नका. बायोडाटात ‘शिक्षण’ या शब्दापुढे ‘पोर्टफोलिओची लिंक’ लिहिलेली चालत नाही. एका स्थळाकडच्यांनी लिंक उघडली आणि पहिलाच राक्षस निघाला. पुढे बोलणं झालं नाही.

असा सगळा विचार डोक्यात पक्का असताना मधले काका चिरंजीवांना घेऊन घरी आले. चिरंजीव बारावी सायन्स. मार्क बेताचे, हात चांगला. वहीच्या मागच्या पानांवर काढलेलं मी पाहिलं. आजोबा दुपारी आरामखुर्चीत झोपलेले, एक चप्पल पायात, एक खाली पडलेली, आणि पडलेल्या चपलेचा अंगठा आजोबांच्या अंगठ्याच्या आकाराचा झालेला. या पोराला काय शिकवायचं ते मला तिथल्या तिथे कळलं.

‘काका, याला फाइन आर्टला घाला,’ मी म्हणालो.

‘तूच म्हणतोस ना रे, डिग्री विचारत नाहीत म्हणून?’

‘विचारत नाहीत. पण चार वर्षं बसून नुसतं बघायला मिळेल त्याला. शिवाय मित्र मिळतील. घरी कोण आहे त्याच्या कामाला नावं ठेवायला?’

‘मी आहे की,’ काका म्हणाले. यात खोटं काही नव्हतं.

‘तुम्ही चित्राला नावं ठेवत नाही, काका. याला ठेवता.’

आईने पोहे आणले. काकांनी थोडा वेळ बशीतल्या शेंगदाण्यांची छाननी केली. पगाराचं विचारलं, ते मी सांगितलं. इंजिनिअरला किती मिळतं ते विचारलं, तेही सांगितलं. मग थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. कंपन्या बंद पडतात म्हणतात, हे खरं का? म्हटलं, खरं. आता यंत्रं आपलीआपण चित्रं काढतात, हे खरं का? म्हटलं, तेही खरं, पण त्यांनाही चप्पल अजून नीट येत नाही. चिरंजीव तेवढ्यात माझ्या टेबलावरच्या पेनने वर्तमानपत्रावर काकांचा पोहे खातानाचा जबडा काढत होते.

‘हे बी.एफ.ए. म्हणजे धरतात ना पदवी?’ काकांनी एकदम विचारलं. ‘म्हणजे बी.ए., बी.एस्सी. सारखी?’

‘धरतात की. चार वर्षांची पूर्ण पदवी आहे.’

‘मग एमपीएससीला बसता येतं?’

‘येतं. कुठल्याही शाखेची पदवी चालते.’

काकांनी बशी खाली ठेवली. ‘अरे, मग हे आधी नाही का सांगायचं! मी तासभर नुसता ऐकतोय तुझे दगड.’ मग चिरंजीवांकडे वळून म्हणाले, ‘काढ तुझी काय चित्रं काढायची ती. सीईटीचा फॉर्म मात्र आजच भर. आणि ते माझं तोंड आधी खोड.’